नाना म्हणजे नेमके कोणते नाना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना घराण्याची वंशावळ लावायला मदत करते. जुने कागद, लग्नपत्रिका, फोटोंच्या मागचे मजकूर घेऊन बसलं की हमखास कुठेतरी एक 'नाना' आडवा येतो. 'नानांनी विहीर बांधली', 'नाना बडोद्याला गेले', 'नानांचा फोटो'. पण हे नाना कोण, त्यांचं पाळण्यातलं नाव काय, याचं उत्तर घरात कुणाकडे नसतं. मग लोक मला विचारतात. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवली आहेत.

१. नाना हे नातं आहे, पदवी आहे की नाव?

मराठीत हे मुळात हाक मारायचं नाव आहे. काका म्हणजे वडिलांचा भाऊ, मामा म्हणजे आईचा भाऊ, तसं नानाचं एकच एक नातं ठरलेलं नाही. एका घरात वडिलांना नाना म्हणतात, दुसऱ्या घरात आजोबांना, तिसऱ्या घरात मधल्या काकांना. कुठे तर सहा वर्षांच्या मुलालाच सगळे नाना म्हणतात. वडीलधारेपणाचा मान या हाकेत आहे, पण तो वयावरून मिळालेला असेलच असं नाही. पुष्कळदा हे नाव पाळण्यातच चिकटतं आणि म्हातारपणी अंगाला बसतं.

२. हा शब्द आला कुठून?

बाबा, दादा, मामा, काका, आबा यांच्याच रांगेतला हा शब्द आहे. लहान मुलाला सहज उच्चारता येईल असं अक्षर दोनदा म्हटलं की अशी हाक तयार होते. शेजारच्या भाषांतही हा आवाज घरातल्या मोठ्या माणसासाठीच वापरतात. तेलुगूत 'नान्ना' म्हणजे वडील, हिंदी-उर्दूत 'नाना' म्हणजे आईचे वडील. संस्कृतातला 'नाना' मात्र वेगळा आहे, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

३. चांगलं नाव ठेवलेलं असताना लोक नाना, तात्या, अण्णा असं का म्हणत?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा वाटतो. याचं उत्तर कळलं की वंशावळीतल्या निम्म्या गाठी सुटतात.

जुन्या घरांत नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत होती. आणि त्याच घरांत सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, हीसुद्धा रीत होती. आता आई आपल्याच मुलाला हाक कशी मारणार? 'बाळाजी, इकडे ये रे' म्हणावं तर सासऱ्यांचं नाव घेतल्यासारखं होतं, आणि रागावून 'बाळ्या' म्हणणं तर अशक्यच. मग मुलाला टोपणनाव मिळे. सासऱ्यांचा मान राहतो आणि पोराला हाकही मारता येते. म्हणून मी 'नाना' या नावाला वाड्याचं मागचं दार म्हणते. पुढच्या दारावर आजोबांचं नाव कोरलेलं, आणि घरातल्या बायका ये-जा करतात ती या दारानं.

दोन ठसठशीत उदाहरणं इतिहासातच आहेत. नानासाहेब पेशव्यांचं नाव बाळाजी बाजीराव, त्यांचे आजोबा बाळाजी विश्वनाथ. नाना फडणवीसांचं नाव बाळाजी जनार्दन भानू, त्यांचे आजोबा बाळाजी महादेव भानू. दोघेही आजोबांचं नाव लावणारे नातू, आणि दोघेही 'नाना'. हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

तुमच्या घरातल्या नानांचं खरं नाव सापडत नसेल, तर आधी त्यांच्या आजोबांचं नाव शोधा. पुष्कळदा तेच निघतं.

४. नारायणाचा नाना होतो, हे खरं का?

पुष्कळदा होतो. 'सकाळ' हे दैनिक १ जानेवारी १९३२ रोजी सुरू करणारे नानासाहेब परुळेकर म्हणजे नारायण भिकाजी. समाजवादी नेते आणि पुढे ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झालेले नानासाहेब गोरे म्हणजे नारायण गणेश. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी म्हणजे नारायण विष्णू.

पण याचा नियम करू नका. सावरकर बंधूंपैकी धाकट्याचं नाव नारायण होतं आणि घरात त्याला 'बाळ' म्हणत. ज्या पेशव्याचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला तोही नारायणरावच, आणि त्याला कुणी नाना म्हणत नाही. उलट बाजूनं पाहिलं तर जगन्नाथ, विश्वनाथ, धोंडोपंत, चंडिकादास अशी नावं असलेले नाना आहेतच. नारायण हा पहिला अंदाज म्हणून ठीक. पुरावा म्हणून पुरत नाही.

५. इतिहासातले नाना माझे नेहमी एकमेकांत मिसळतात. ते वेगळे कसे ओळखायचे?

चौघं लक्षात ठेवा, बाकीचे आपोआप जागी बसतात.

पहिले नानासाहेब पेशवे. जन्म १७२०, पेशवाईची वस्त्रं १७४० मध्ये. पानिपतानंतर काही महिन्यांतच, जून १७६१ मध्ये, पर्वतीवर त्यांचा मृत्यू झाला. पुण्यात कात्रजच्या तळ्याला त्यांचं नाव आहे. तिथून शहरात पाणी आणण्याची व्यवस्था त्यांच्याच काळातली.

दुसरे नाना फडणवीस. जन्म १७४२, मृत्यू १३ मार्च १८००. हे पेशवे नव्हते, पेशव्यांचे कारभारी होते. पानिपतावर तेही गेले होते, तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. तिथून जीव वाचवून कसे परतले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. वाईजवळच्या मेणवलीला त्यांचा वाडा आणि घाट आहे. कृष्णेच्या त्या पायऱ्यांवर सकाळी बसून बघा, हा माणूस नुसता हिशेबी नव्हता हे पटेल.

तिसरे १८५७ चे नानासाहेब. त्यांच्याविषयी पुढचा प्रश्न.

चौथे नाना शंकरशेठ, मुंबईचे. खरं नाव जगन्नाथ, जन्म १८०३ चा मुरबाडचा, मृत्यू ३१ जुलै १८६५. यांचा पेशव्यांशी संबंध नाही. शाळा, मुलींचं शिक्षण, रेल्वे अशा मुंबईच्या घडणीतल्या गोष्टींत ते होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली आगगाडी धावली, ती आणणाऱ्यांत त्यांचं नाव आदरानं घेतलं जातं.

६. १८५७ चे नानासाहेब खरे पेशवे होते का? आणि कानपूरला 'नाना राव' का म्हणतात?

ते दुसऱ्या बाजीरावांचे दत्तक पुत्र. नाव धोंडोपंत. जन्म कर्जतजवळच्या वेणगावच्या नारायण भटांच्या घरातला. पेशवाई १८१८ मध्येच बुडाली होती आणि बाजीराव गंगेकाठी बिठूरला राहत होते. १८२७ मध्ये त्यांनी या मुलाला दत्तक घेतलं. बाजीराव गेल्यावर कंपनी सरकारनं दत्तकाला पेन्शन नाकारलं, आणि १८५७ मध्ये कानपूरला ते पेशवा म्हणून उभे राहिले.

बिठूरच्या वाड्यातली मंडळी एकमेकांना कशी हाक मारत ते बघा. नाना, त्यांचे बंधू बाळासाहेब, पुतणे रावसाहेब, आणि सोबत तात्या टोपे, म्हणजे रामचंद्र पांडुरंग. म्हणजे महाराष्ट्रातलं अख्खं घर गंगेकाठी नांदत होतं. उत्तरेतल्या लोकांनी 'नाना'ला आपल्या पद्धतीनं 'राव' जोडलं. कानपुरातल्या मोठ्या बागेचं नावही 'नाना राव पार्क' आहे.

बंडानंतर ते नेपाळच्या तराईकडे गेले आणि मग दिसले नाहीत. पुढे कित्येक वर्षं कुणीतरी 'हाच नाना' म्हणून पकडला जाई. टोपणनावानंच ओळखला जाणारा माणूस हरवला की काय होतं, त्याचं हे टोकाचं उदाहरण आहे.

७. नाना फडणवीसांना 'अर्धा शहाणा' का म्हणतात? हा अपमान आहे का?

नाही, मानच आहे. पेशवाईतले 'साडेतीन शहाणे' म्हणजे सखाराम बापू बोकील, नागपूरकर भोसल्यांकडचे देवाजीपंत चोरघडे, निजामाचे दिवाण विठ्ठल सुंदर, आणि अर्धे नाना. पहिल्या तिघांना बुद्धी आणि तलवार दोन्ही चालवता येत असे. नानांनी आयुष्यभर बुद्धीच चालवली, म्हणून अर्धे. पण त्या अर्ध्या शहाण्यानं सवाई माधवरावांच्या लहानपणापासून पंचवीसेक वर्षं डळमळतं राज्य सांभाळलं.

८. पुण्यातली नाना पेठ आणि मुंबईतला नाना चौक एकाच नानाच्या नावानं आहेत का?

नाहीत. नाना पेठ फडणवीसांची, ग्रँट रोडचा नाना चौक शंकरशेठांचा. शनिवारवाड्याजवळचा नानावाडाही फडणवीसांचाच, आणि लक्ष्मी रस्त्यावरचा बेलबागही त्यांनीच बांधलेला. आज नाना पेठ म्हटलं की पुणेकराला गाड्यांचे सुटे भाग आठवतात. क्लच-प्लेट घ्यायला गेलेल्या किती जणांना हे नाव ज्यांचं आहे ते नाना ठाऊक असतात, याचं मला वाईट वाटतं. पेठेच्या कमानीवर पूर्ण नाव लिहावं, असं मला मनापासून वाटतं.

९. दादा, भाऊ, नाना, तात्या, अण्णा, आप्पा यांत क्रम असतो का? नाना कितवा?

सगळ्या घरांना लागू पडेल असा क्रम नाही. दादा बहुधा थोरला असतो. बाकीच्यांचा क्रम घरोघरी वेगळा.

पेशव्यांचंच घर घ्या. बाजीरावांना 'राऊ', त्यांच्या भावाला चिमाजी 'आप्पा'. पुढच्या पिढीत बाळाजी 'नाना', चुलत भाऊ सदाशिवराव 'भाऊ', आणि रघुनाथराव 'दादा'. इथे थोरला नाना आहे आणि दादा त्याचा धाकटा भाऊ! पत्रांत 'भाऊ', 'दादा', 'नाना' इतकंच लिहिलं की दरबारात प्रत्येकाला कळे कोण ते.

रेवदंड्याच्या धर्माधिकारींकडे वडील नानासाहेब आणि चिरंजीव आप्पासाहेब. तेव्हा नावावरून नातं ताडू नका. त्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्याला विचारा.

१०. नाना, नानासाहेब, नानाराव, नानाजी, नानाभाऊ यांत फरक काय?

घरातल्याला 'नाना' पुरतं. माणूस गावात मोठा झाला, चार लोक त्याचा शब्द मानू लागले, की 'साहेब' लागतं. 'जी' हे उत्तरेत वावरलेल्यांना जास्त लागतं. चित्रकूटला काम उभारलेले आणि २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न मिळालेले नानाजी देशमुख मूळचे मराठवाड्याचे, नाव चंडिकादास अमृतराव. 'नानाभाऊ' हे गावाकडचं, आणि त्यात दोन हाका एकत्र आहेत. त्यात जवळीक असते, विशेषतः राजकारणातल्या माणसांना कार्यकर्ते असं म्हणतात.

आणि एक राहिलं, 'नान्या'. तो बरोबरीच्या मित्रांचा हक्क. सत्तर वर्षांच्या नानासाहेबांना शाळेतला मित्र भर लग्नात 'अरे नान्या' म्हणतो तेव्हा त्यांचा चेहरा दहा वर्षांचा होतो. हे मी पाहिलं आहे.

११. नाना हेच खरं नाव असू शकतं का?

हो, आणि इथेच वंशावळ लावणारे फसतात. क्रांतिसिंह नाना पाटलांचं नाव नानाच, नाना रामचंद्र पिसाळ. 'पाटील' हे त्यांच्या पाटीलकीवरून आलेलं. जन्म १९००, साताऱ्याचं प्रतिसरकार १९४३ ते १९४६, पुढे दोनदा लोकसभेत. त्यांचं 'खरं नाव' शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

याउलट अभिनेते नाना पाटेकर. मुरुड-जंजिऱ्याचे, नाव विश्वनाथ. देशभर लोक त्यांना 'नाना' म्हणतात आणि पुष्कळांना तेच त्यांचं नाव वाटतं.

शेतकरी, बारा बलुतेदार समाजांत मुलाचं नाव थेट नाना, दादा, आबा, तात्याराव ठेवायची पद्धत जुनी आहे. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर 'नाना' दिसलं तर ती चूक समजून खोडू नका.

१२. माझी मुलगी हिंदी घरात दिली आहे. तिच्या सासरी माझ्या दिरांना 'नाना' म्हटलं की गोंधळ होतो. काय करावं?

गोंधळ साहजिक आहे. हिंदीत नाना म्हणजे आईचे वडील, आणि कुणीच नाही. तुमच्या नातवाच्या दृष्टीनं तुमचे यजमान 'नाना', आणि दीरही 'नाना'. अशा घरांत दिरांना 'नानाआजोबा' म्हणण्याची तोड मी बऱ्याच ठिकाणी पाहिली. दोन्ही भाषांचा मान राहतो.

गुजराती सोयरीक असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. गुजरातीत 'नानो' म्हणजे लहान. तिथला नानाभाई म्हणजे धाकटा भाऊ. आपल्याकडे तोच शब्द मोठेपणाचा.

इंग्लंड-अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांकडूनही विचारणा येते, कारण तिकडे 'नाना' म्हणजे आजी. शाळेत मुलानं 'माझे नाना मिशीला तेल लावतात' म्हटलं तर वर्ग चक्रावतो. मुलाला हाक बदलायला लावू नका. बाईंना एक ओळ लिहून कळवा. घानामध्ये राजाला आणि वडीलधाऱ्यांना 'नाना' म्हणतात, हेही त्या ओळीत घाला.

१३. दासबोधात सारखं 'नाना' येतं. ते कोण?

ते कुणी व्यक्ती नाही. संस्कृतातलं 'नाना' हे अव्यय आहे, अर्थ 'अनेक प्रकारचे'. नानाविध, नाना तऱ्हा, नाना परी हे त्याचेच प्रयोग. समर्थांना हा शब्द फार प्रिय, यादी द्यायची असली की ओळीओळीला 'नाना'. ज्ञानेश्वरीत हाच शब्द 'किंवा', 'अथवा' अशा अर्थानं, एका दृष्टान्तावरून दुसऱ्यावर जाताना येतो. तिथे 'अनेक' असा अर्थ लावला तर ओवी तुटते. पारायणाला बसणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

१४. 'तुझ्या नानाची टांग' यातला नाना कोण?

कुणी ठरावीक माणूस नाही. रागापेक्षा आश्चर्य, वैताग किंवा मित्राची फिरकी यासाठी हे वापरतात. शिवी म्हणावी इतकं जहाल नाही, पण वडीलधाऱ्यांसमोर शोभतही नाही. घरात खरोखरचे नाना असतील तर मुलांना जरा आवरा.

१५. नानांच्या बायकोला काय म्हणायचं?

आमच्या आळीत 'नानी' म्हणत. पण बायकांच्या हाकांची वाट वेगळी होती: माई, ताई, आक्का, काकू, वहिनी. नानांच्या घरात माई असणं अगदी नेहमीचं. मला सलतं ते हे, की नानांचं खरं नाव निदान सातबाऱ्यावर सापडतं. माईंचं माहेरचं नाव मात्र लग्नात बदललेलं, सासरचं नाव कुणी घेतलेलं नाही, आणि राहिली ती नुसती 'माई'. वंशावळ लिहाल तेव्हा त्यांचं दोन्हीकडचं नाव आधी विचारून घ्या.

१६. 'नाना आला' की 'नाना आले'? 'नानाला' की 'नानांना'?

मोठ्यांसाठी नाना आले, नानांना, नानांचं. बरोबरीच्या किंवा लहान मुलासाठी नाना आला, नानाला, नानाचं. जुनी पत्रं वाचताना हा अनुस्वार फार उपयोगी पडतो. 'नानास ताप आहे' म्हणजे बहुधा घरातलं मूल, 'नानांस ताप आहे' म्हणजे कर्ते पुरुष. मोडी कागदांत मात्र अनुस्वार सर्रास गाळलेले असतात, तिथे या खुणेवर विसंबू नका.

१७. कागदपत्रांत नाना लिहिलं तर चालतं का?

बँक, मालमत्ता, वारसनोंद यांत पूर्ण नावच लिहावं. टोपणनावानंच ओळख असेल तर 'विश्वनाथ उर्फ नाना' असं दोन्ही लिहावं. मृत्युपत्रात तर नक्कीच. 'माझी घड्याळं नानास द्यावीत' एवढ्याच ओळीवरून दोन चुलत भाऊ बोलेनासे झालेलं कुटुंब मला ठाऊक आहे. दोघेही नाना होते.

निधनाच्या बातमीत उलट करा. कंसात का होईना, 'नाना' घालाच. नाहीतर ज्यांनी पन्नास वर्षं त्यांना नाना म्हणून हाक मारली, त्यांना बातमी वाचूनही कोण गेलं ते कळत नाही.

१८. एकाच घराण्यात तीन नाना आहेत. वेगळे कसे करायचे?

लोकांनी ते आधीच केलेलं असतं: थोरले नाना, रेल्वेतले नाना, इंदूरचे नाना. वंशावळीत ही विशेषणं जशीच्या तशी लिहा, शेजारी खरं नाव आणि जन्मसाल. पुढच्या पिढीला विशेषणच आधी आठवतं.

१९. जुन्या पातेल्यावर 'नानांकडून' इतकंच कोरलेलं आहे. कोणते नाना ते कळेल का?

कळू शकतं. माझ्या माहेरी एक पितळी पातेलं आहे, दोन शेर दूध मावेल एवढं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, 'चि. सौ. कां. सुमन हिस नानांकडून'. पातेलं घासून घासून ठिपके पुसट झालेले. आमच्याकडे दोन नाना होते, आजोबा आणि त्यांचे मामा.

मी ते चिंचेनं स्वच्छ केलं आणि खिडकीशी तिरपं धरलं, तेव्हा कडीच्या मागे 'शके १८७५' दिसलं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो (पौषानंतरची तिथी असेल तर ७९). म्हणजे १९५३. आजोबा १९५१ मध्येच गेले होते. उरले मामा.

तेव्हा आधी कडीच्या मागे, बुडाला आणि झाकणाच्या आत पाहा. कोरणारे तिथी किंवा शक तिथेच घालत. मग 'चि. सौ. कां.' वरून लग्नातला आहेर ठरतो, लग्नाचं साल पत्रिकेशी ताडता येतं, आणि त्या साली हयात असलेले नाना मोजायचे. शक नसेल तर नवरीकडचे नाना आधी धरा, कारण पातेली-घागरी बहुधा माहेरून येत. आणि भांडं मोडीत घालायच्या आधी त्या अक्षरांचा फोटो काढून ठेवा.